कुमार वाचकाचे आत्मभान : एका अपुऱ्या वाङ्मयाचा इतिहास

दलित साहित्याच्या चर्चेत लेखकाविषयी आपण पुष्कळ बोललो. त्याची वेदना, त्याचा नकार, त्याची बांधिलकी, त्याची भाषा ह्यांवर परिसंवाद झाले, विशेषांक निघाले. वाचकाविषयी मात्र आपण फारसे बोललो नाही. आणि जे बोललो ते प्रौढ वाचकाविषयी. तेरा ते अठरा वर्षांचा, वसतिगृहात नाहीतर वस्तीतल्या एका खोलीच्या घरात पुस्तक उघडणारा मुलगा किंवा मुलगी आपल्या समीक्षेला वाचक म्हणून जवळजवळ ठाऊकच नाही. वास्तविक ह्याच वयात माणूस 'मी कोण' हा प्रश्न पहिल्यांदा स्वतःला विचारतो. आणि आपल्या समाजात ह्या प्रश्नाचे उत्तर त्याने विचारण्याच्या आधीच शाळेच्या दाखल्यावर लिहून ठेवलेले असते. दाखल्यावरचे हे उत्तर खोडून दुसरे उत्तर शोधायला वास्तववादी कथावाङ्मय त्याला कितपत मदत करते, आणि मराठीत अशी मदत कोणाला मिळाली, कोणाला नाही, हा ह्या लेखाचा विषय आहे.

ह्या वाचकाचा सर्वांत बोलका पुरावा खुद्द बाबासाहेबांनी मागे ठेवला आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ह्या ग्रंथासाठी १९५६ साली त्यांनी लिहिलेली एक प्रस्तावना १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. ती पुढे उजेडात आली. तीत ते सांगतात ते असे : ते इंग्रजी चौथी इयत्ता उत्तीर्ण झाले म्हणून समाजातल्या लोकांनी कौतुकाची सभा भरविली, आणि त्या प्रसंगी दादा केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ते वाचून मुलगा हलला. मग त्याने वडिलांना विचारले की, तुम्ही आम्हाला रामायण-महाभारत वाचायला का लावता? सुभेदार रामजींचे उत्तर मोठे विचार करण्यासारखे आहे. आपण अस्पृश्य, त्यामुळे तुझ्या मनात न्यूनगंड येणे स्वाभाविक आहे. द्रोण, कर्ण, वाल्मीकी ही लहान कुळातली माणसे किती उंच गेली ते पाहा, म्हणजे तो गंड जाईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. मुलाला तो पटला नाही. महाभारतातले एकही पात्र आपल्याला आवडत नाही, असे त्याने बापाला तोंडावर सांगितले.

ह्या प्रसंगाकडे आपण थोर पुरुषाच्या बालपणीची आख्यायिका म्हणून पाहतो आणि पुढे जातो. मला त्यात वाचनाचा एक संपूर्ण सिद्धांत दिसतो. बापाला ठाऊक होते की, पुस्तकातली माणसे पोराच्या मनात स्वतःविषयीची प्रतिमा घडवितात. मुलाला त्याच्याही पुढचे ठाऊक होते : प्रतिमा उसनी असेल तर ती अंगाला बसत नाही. कर्णाला मोठेपण मिळते ते दुर्योधनाच्या मेहरबानीने. ज्या मुलाला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नाही, त्याने कर्णाकडून काय घ्यायचे? कुमारवयातले वाचन म्हणजे आदर्श गिळणे नव्हे. त्या वयात वाचक पुस्तकाशी भांडतो, आणि भांडता भांडता तो घडतो.

ह्याच्याही आधी, १८५५ साली, मुक्ता साळवे ह्या जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मांग समाजातील मुलीने महारमांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. ती तेव्हा चौदा वर्षांची होती असे सांगतात. म्हणजे दलित गद्याचा आरंभच एका कुमारवयीन मुलीच्या हातून झाला. तिच्यासमोर तिच्या जगण्याची एकही कथा छापील स्वरूपात नव्हती. तरी तिने लिहिले, कारण जे शिकविले जात होते आणि जे घरी दिसत होते त्यांतले अंतर तिला सहन झाले नाही. तिच्यानंतर तिच्या वयाच्या मुलींसाठी, तिच्या जगाविषयी, मराठीत किती कथावाङ्मय झाले हे शोधू लागले की हाताला फार थोडे लागते.

मराठीत कुमार वाचकाच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटविणारे वास्तववादी पुस्तक कोणते, असे विचारले तर 'श्यामची आई'चे नाव घ्यावे लागेल. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट खेडोपाडी गेला. त्या पुस्तकाचे सामर्थ्य त्याच्या वास्तवतेत आहे. कोकणातले घर, कर्जबाजारीपण, आजारी आई, पोराचे हट्ट, ह्यांत राजाराणी नाहीत. मीही ते सातवीत वाचले आणि रडले. पण त्यात एक प्रसंग आहे. लाकडांची मोळी खाली पडलेली एक म्हातारी महारीण वाटेवर अडली आहे. तिला हात कोणी लावत नाही. आई श्यामला सांगते की, जा, तिच्या डोक्यावर मोळी चढव आणि घरी येऊन आंघोळ कर. त्या काळाच्या मानाने हे मोठेच धाडस होते. साने गुरुजींच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पंढरपूरचे देऊळ उघडावे म्हणून १९४७ साली प्राण पणाला लावणारा तो माणूस होता.

प्रश्न लेखकाच्या हेतूचा नाही, वाचणारीच्या जागेचा आहे. तोवर मी श्याम होते. श्यामची आई ती माझी आई होती. त्या पानावर मला एकदम पुस्तकातून उठवून म्हातारीच्या जागी बसविण्यात आले. मोळी माझ्या आजीच्या डोक्यावर होती आणि आंघोळ माझ्या स्पर्शाची होती. सवर्ण कुमार वाचकाला हे पान करुणा शिकविते. त्याची सद्सद्विवेकबुद्धी वाढविते. दलित कुमार वाचकाला तेच पान सांगते की, ह्या कथेत तुला नाव नाही, तुझ्या घरात कोणी मूल नाही, तुझी आई तुला काय शिकविते हे कोणी विचारलेले नाही. एकाच पुस्तकाने एकाचा आत्मा मोठा होतो आणि दुसऱ्याचा आत्मा संकोचतो, असे होऊ शकते. आपल्या बालवाङ्मयाच्या समीक्षेने ह्या गोष्टीची दखल घेतलेली माझ्या वाचनात नाही.

नंतरच्या काळात कुमारांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आला, १९७१ साली 'किशोर' मासिक सुरू झाले, साहसकथा आणि विज्ञानकथा आल्या. फुरसुंगीचा बनेश फेणे मला आवडत असे, आजही आवडतो; परंतु त्याच्या सायकलीला वाटेत आमची वस्ती कधी लागली नाही. पुढे प्रकाश नारायण संतांचा लंपन आला, मिलिंद बोकिलांची 'शाळा' २००४ साली आली. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुलगा, त्याचे प्रेम, त्याचे मित्र ह्यांचे इतके खरे चित्रण मराठीत क्वचितच झाले असेल. पण ह्या खरेपणाचाही एक पत्ता आहे, आणि तो पांढरपेशा आळीतला आहे.

मग आमची मुले काय वाचत होती? ती प्रौढांची पुस्तके वाचत होती. अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' (१९५९) कुमारांसाठी लिहिलेली नव्हती, पण मातंग वस्त्यांतल्या पोरांनी ती आपली करून घेतली. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) हा संग्रह हाती पडला की पोरे आधी शीर्षककथा काढीत, कारण जात चोरणे म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. नंतर आत्मकथने आली. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली, प्र. ई. सोनकांबळ्यांचे 'आठवणींचे पक्षी' आणि माधव कोंडविलकरांचे 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' १९७९ साली, लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' १९८० साली, शरणकुमार लिंबाळ्यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली, लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ साली. समीक्षकांनी ह्यांत समाजशास्त्र पाहिले, बोलीभाषा पाहिली, भूक आणि लैंगिकता पाहिली. एक गोष्ट मात्र नजरेआड राहिली : ह्या बहुतेक पुस्तकांचा मोठा भाग शाळेत जाणाऱ्या मुलाचा आहे. गुरुजी, पाटी, वर्गाबाहेर बसणे, वसतिगृह, परीक्षा, चोरून खाल्लेली भाकर. प्रौढांसाठी लिहिलेली असली तरी ती एका अर्थाने मराठीतली पहिली दलित कुमारवाङ्मयाची पुस्तके होत.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. मुलींच्या वसतिगृहात असताना 'उपरा'ची एक प्रत आमच्यात फिरत होती. तिचे पुठ्ठे गेले होते आणि पहिली काही पाने नव्हती, त्यामुळे लेखकाचे नावही पुष्कळ दिवस आम्हाला ठाऊक नव्हते. आम्ही ती कादंबरी म्हणूनच वाचली. त्या वर्षी शाळेत शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचली जाई आणि ज्यांचे नाव येईल त्यांनी उभे राहायचे, अशी पद्धत होती. उभे राहताना मान खाली जाई. ती मान आपली एकटीची आहे असे प्रत्येकीला वाटे. पुस्तकातल्या कैकाड्याच्या पोराला वर्गात जे वाटत होते ते वाचून आमच्यापैकी एकीने फक्त एवढेच म्हटले : "म्हणजे हे लिहिता येतं." मला वाटते, वास्तववादी कथेचे कुमारवयातले पहिले काम हेच. जी लाज खासगी वाटत होती ती सार्वजनिक आहे, तिला कर्ता आहे, ती कोणीतरी घडविली आहे, हे कथा दाखविते. उपदेशाने हे होत नाही. भाषण ऐकून अभिमान येतो, पण लाज आतल्या आत तशीच राहते.

आता आत्मकथनांची मर्यादाही सांगितली पाहिजे. आत्मकथनाचा नायक शेवटी सुटलेला असतो. पुस्तक लिहिण्याइतका तो शिकला, नोकरीला लागला, म्हणूनच पुस्तक आहे. दहावीला नापास झालेला, शाळा सोडून ऊसतोडीला गेलेला, लग्न लावून दिलेली, अशा मुलांचे आत्मकथन लिहिले जात नाही. त्यांची कथा लिहायची तर कादंबरीकारालाच लिहावी लागेल. आणि कुमारवयीन वाचकाला नेमकी हीच भीती असते की, आपण सुटणारांपैकी आहोत की राहणारांपैकी?

ह्या बाबतीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीने जे केले ते आपण समजून घेण्यासारखे आहे. औरंगाबादच्या मिलिंद परिसरात त्यांच्या साहित्याची चर्चा साठीच्या दशकातच सुरू झाली होती. अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखडे, पुढे डॉ. जनार्दन वाघमारे ह्यांनी तो विचार मराठीत आणला. १९७२ साली पँथर हे नावही आपण तेथूनच घेतले. रिचर्ड राइट आला, बाल्डविन आला, कविता आल्या. मात्र त्यांच्या चळवळीने मुलांच्या पुस्तकांसाठी जो झगडा केला तो आपल्याकडे आला नाही. विद्रोह आपल्याला प्रौढांचाच व्यवहार वाटला, असे मला वाटते.

१९६५ साली नॅन्सी लॅरिक ह्या बाईंनी 'सॅटरडे रिव्ह्यू'मध्ये एक लेख लिहिला. त्याची सुरुवात एका पाच वर्षांच्या काळ्या मुलीच्या प्रश्नाने होते. पुस्तकातली मुले नेहमी गोरीच का असतात, असे तिने विचारले होते. लॅरिकबाईंनी प्रकाशकांकडे जाऊन मोजणी केली. १९६२ ते १९६४ ह्या तीन वर्षांत निघालेल्या ५,२०६ बालपुस्तकांपैकी फक्त ३४९ पुस्तकांत, म्हणजे ६.७ टक्क्यांत, एखादे तरी काळे पात्र होते. त्या वेळच्या अमेरिकेतल्या काळ्यांच्या जीवनाची कथा सांगणारी पुस्तके एक टक्काही भरली नाहीत. ह्या स्थितीने गोऱ्या मुलांचेही नुकसान होते, हे त्यांनी आवर्जून लिहिले. मोजणी ही मोठी जालीम गोष्ट आहे. भावनेला उत्तर देता येते, आकड्याला देता येत नाही.

त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत जी पुस्तके आली त्यांतले एक मिल्ड्रेड टेलर ह्यांचे 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' (१९७६). 'बलुतं'च्या दोन वर्षे आधीचे. १९३३ सालचे मिसिसिपी राज्य. काळ्या मुलांच्या शाळेत पुस्तके येतात. सहा वर्षांचा पोरगा आनंदाने पुस्तक उघडतो आणि आतल्या बाजूला चिकटविलेला तक्ता पाहतो. पुस्तक कोणाकोणाला दिले गेले, त्या वेळी त्याची स्थिती कशी होती, घेणाऱ्याचा वंश कोणता, ह्याची त्यात नोंद आहे. नवे होते तोवर पुस्तक गोऱ्या मुलांच्या हाती होते. पार फाटले तेव्हा काळ्यांच्या वाट्याला आले. पोरगा पुस्तक भिरकावतो आणि त्यावर पाय आपटतो. शिक्षिका त्याला मारते. तीही काळीच आहे. पुस्तक पवित्र मानणाऱ्या आपल्या संस्कारांना हे दृश्य झोंबते. पण पुस्तकाला लाथ मारणारा तो पोरगा आणि बापाला महाभारत आवडत नाही म्हणणारा भीमराव हे एकाच जातकुळीचे वाचक आहेत. ह्या कादंबरीला १९७७ साली न्यूबेरी पदक मिळाले.

ॲलिस चाइल्ड्रेस ह्यांच्या १९७३ च्या कादंबरीत हार्लेममधला तेरा वर्षांचा बेंजी हेरॉइनच्या आहारी गेला आहे. त्याची आई, आईचा जोडीदार, शिक्षक, मित्र, सारे आपापल्या तोंडाने बोलतात. शेवटी बेंजी येणार आहे. तो आला की नाही हे लेखिका सांगत नाही. हे पुस्तक न्यूयॉर्क राज्यातल्या आयलंड ट्रीज भागातील शाळा-मंडळाने १९७६ साली ग्रंथालयातून काढले. त्याबरोबर राइटचे 'ब्लॅक बॉय' आणि लँग्स्टन ह्यूज ह्यांनी संपादित केलेला कथासंग्रहही गेला. ह्याविरुद्ध न्यायालयात कोण गेले? शाळेतली मुले गेली. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यातल्या प्रमुख मताचा आशय असा की, पुस्तकातले विचार आवडत नाहीत एवढ्याच कारणासाठी शाळा-मंडळाला ते ग्रंथालयातून काढता येणार नाही. मुले आपल्या पुस्तकांसाठी कोर्टात गेली ही गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा विद्यार्थ्यांना प्रथम ती खोटीच वाटते.

वॉल्टर डीन मायर्स (१९३७–२०१४) हे हार्लेममध्ये वाढले. लहानपणी त्यांनी वाचले पुष्कळ, पण वाचलेल्यात ते स्वतः कोठेच नव्हते. शाळा सुटली, सतरा वर्षांचे होताच ते सैन्यात गेले. पुढे बाल्डविनची एक कथा वाचून त्यांना जणू परवानगी मिळाली की, आपला मोहल्लाही लिहिण्याजोगा आहे. त्यांच्या 'मॉन्स्टर' (१९९९) ह्या कादंबरीतला सोळा वर्षांचा स्टीव्ह खुनाच्या खटल्यात कोठडीत आहे. सरकारी वकीलबाई त्याला राक्षस म्हणतात. तोच शब्द पुस्तकाचे नाव झाला. स्टीव्ह निर्दोष सुटतो, आपल्या वकीलबाईंना मिठी मारायला जातो, आणि त्या अंग आखडून घेतात. कोर्टाने सोडले, पण पाहणारीच्या नजरेने सोडले नाही. बाईंना आपल्यात काय दिसले, हे शोधीत तो पुढे स्वतःचेच चित्रण करीत राहतो. बी. ए. च्या वर्गाला मी ही कथा मराठीत सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरच्या दोन पारधी मुलांनी वह्या मिटल्या आणि ऐकू लागले. गावात चोरी झाली की पोलीस कोणाच्या पालावर येतात, हे त्यांना ठाऊक होते.

मृत्यूच्या वर्षी, २०१४ साली, मायर्सनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिले की, २०१३ साली निघालेल्या ३,२०० बालपुस्तकांपैकी काळ्यांविषयीची पुस्तके ९३ होती. म्हणजे लॅरिकबाईंच्या लेखानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. तेव्हा तिकडेही सारे झाले आहे असा भ्रम नको. फरक एवढाच की, तेथे कोणीतरी मोजते. मराठीत दरसाल निघणाऱ्या कुमारवाङ्मयात दलित, भटके, आदिवासी मुले किती आणि कोणत्या कामाला येतात, मोळी उचलायला की गोष्ट सांगायला, ही मोजणी आपल्या एखाद्या महाविद्यालयातल्या मराठी विभागाने हाती घ्यावी. त्याला अनुदान लागत नाही.

मुलींचा विचार वेगळा करावा लागतो, कारण मुलीला दोन दाखले असतात. बेबीताई कांबळ्यांचे 'जिणं आमुचं' आणि शांताबाई कांबळ्यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' ही दोन्ही पुस्तके १९८६ सालची. पण मला येथे ऊर्मिला पवारांच्या 'आयदान' (२००३) मधला एक प्रसंग सांगायचा आहे. शाळेतले गुरुजी मुलीला शेण काढायला सांगतात, ती नकार देते, आणि मार खाते. विधवा आई घरी आयदाने विणीत बसलेली असते. गुरुजी रस्त्याने जाताना ती त्यांना हटकते आणि माझ्या मुलीला का मारलेस असा जाब विचारते. पुन्हा हात लावून तर पाहा, असे बजावते. 'श्यामची आई' वाचल्यावर मला जी आई हवी होती ती ही. ती करुणा शिकवीत नाही, ती हिशेब मागते. मुलीच्या मनात स्वतःविषयी जे उभे राहते ते अशा प्रसंगाच्या वाचनाने. माझ्या विद्यार्थिनींना ह्या दोन आया मी एकाच तासाला शेजारी शेजारी वाचायला देते. कोणती आई खरी, असा प्रश्न विचारीत नाही. दोन्ही खऱ्या आहेत. तुमच्या आईने कोणाला जाब विचारला होता का, एवढेच विचारते. त्यावर आलेल्या काही वह्या मी जपून ठेवल्या आहेत.

शालेय पाठ्यपुस्तकांत आत्मकथनांचे उतारे आले, ही चांगली गोष्ट झाली. पण उतारा कापताना काय कापले जाते ते पाहावे. गरिबी राहते, कष्ट राहतात, जिद्द राहते; जातीचे नाव आणि मारणाऱ्याचा हात गळतो. मग उरते ती एका होतकरू मुलाची यशोगाथा. स्वाध्यायात प्रश्न येतो की, लेखकाचा कोणता गुण तुम्हाला आवडला? जणू प्रश्न गुणांचाच होता.

कुमारवयीन दलित नायकाची जी कथा मराठी कादंबरीने लिहायची राहिली ती शेवटी पडद्यावर आली. नागराज मंजुळ्यांचा 'फँड्री' २०१४ साली चित्रपटगृहांत लागला. कैकाडी समाजातला जब्या, त्याची शाळा, त्याला आवडणारी शालू, काळी चिमणी, आणि गावासमोर डुक्कर धरण्याची पाळी. राष्ट्रगीत सुरू होते तेव्हा सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि हाती आलेले डुक्कर निसटते. मेलेले डुक्कर वाहून नेताना भिंतीवरची फुले-आंबेडकरांची चित्रे मागे सरकत जातात. जब्या आत्मकथनातल्या नायकासारखा सुटलेला नाही. तो लपतो, टाळतो, आपण डुक्कर धरणारांपैकी नाही असे भासवितो, आणि अखेर दगड उचलतो. जात चोरणे आणि जात पुकारणे ह्यांमधली ती काही वर्षे, तेरा ते अठरा, एवढ्या सविस्तरपणे मराठीत पूर्वी कोणी दाखविली नव्हती.

गेल्या वर्षी आमच्या वाचनमंडळात ह्या चित्रपटावर चर्चा झाली. प्राध्यापक मंडळी प्रतीकांवर बोलली. प्रथम वर्षाच्या एका मुलीने विचारले की, दगड मारल्यावर दुसऱ्या दिवशी जब्या शाळेत गेला का? ह्यावर मुलांत दोन तट पडले. गेला म्हणणारे कमी होते. गेला असेल तर कोणत्या बाकावर बसला, शालू त्याच्याशी बोलली का, हजेरी घेताना गुरुजींनी नाव कसे उच्चारले, ह्यावर तासभर वाद चालला. शेवटी त्या मुलीला मी सांगितले की, तूच लिही. तिने आजवर अकरा पाने लिहून आणली आहेत. जब्या अजून शाळेच्या फाटकाशीच उभा आहे.